पावतीपलीकडचा हिशेब

भोकर तालुक्यातील खेड्यांत काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेने काही वर्षांपूर्वी आपल्या कार्यक्रमांचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी आमच्यावर सोपवली. संस्थेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. काम सोपे वाटले, कारण संस्थेचे दप्तर चोख होते. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना वाटलेल्या शिलाई यंत्रांची नोंदवही आमच्यापुढे ठेवण्यात आली. प्रत्येक नावापुढे सही किंवा अंगठा, यंत्राचा क्रमांक आणि वाटपाच्या दिवशीचे छायाचित्र. खरेदीच्या पावत्या जुळत होत्या. हिशेबतपासनिसाला एका पैशाचीही तफावत आढळली नव्हती. शेवटच्या पानावर 'कार्यक्रम यशस्वी' असा शेरा होता आणि त्याखाली समारंभाचे प्रमुख पाहुणे म्हणून आमचीच सही होती.

मग आम्ही गावांत गेलो. पहिल्याच घरी यंत्र कोपऱ्यात उभे होते. त्यावर जुने लुगडे पांघरलेले आणि लुगड्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा. घरधनीण रोजंदारीवरून नुकतीच परतली होती. तिने आम्हांला पाणी दिले आणि काहीशा संकोचाने म्हणाली, "फादर, यंत्र चांगलं हाय. पर गावात दोन शिंपी हायेत. माझ्याकडं कोन टाकतंय कापड? मला इचारलं असतं तर म्या शेळी मागितली असती."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते शब्द आम्हांला अधिक लागले. नोंदवहीतील एकही अक्षर खोटे नव्हते, तरीही तिने सांगितलेली गोष्ट त्या नोंदवहीत कोठेच बसत नव्हती. त्या रात्री भोकरला परतताना एक प्रश्न मनात घर करून बसला. दानधर्माचा हिशेब माणसे शतकानुशतके ठेवीत आली आहेत. परंतु दानाचे पुढे काय झाले हे विचारण्याची रीत केव्हा आणि कशी सुरू झाली? त्या शोधात आम्ही जे वाचले आणि तरुणपणी जे डोळ्यांनी पाहिले होते, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात या प्रश्नाचा पहिला उल्लेख फार लवकर येतो. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात जेरुसलेममधील पहिल्या भाविक मंडळीतील एक तंटा नोंदवला आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली. वाटप चालूच होते आणि अन्नही होते. ते कोणापर्यंत पोहोचत नाही, एवढाच प्रश्न होता. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही; या कामासाठी सात माणसे निवडावयास सांगितले. अभ्यासक एक गोष्ट आवर्जून दाखवून देतात. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातीलच माणसांच्या हाती वाटपाची देखरेख दिली गेली. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. लातूर जिल्ह्यात आपली त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

आधुनिक काळात कायद्याने धर्मादाय संस्थांवर पहिले बंधन घातले ते पैशाच्या हिशेबाचे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० सालचा. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. विश्वस्तांनी जमाखर्च ठेवावा, दरवर्षी तो तपासून घ्यावा, धर्मादाय आयुक्तांना सादर करावा, अशी त्याची शिस्त आहे. ही शिस्त आवश्यकच आहे, कारण देणाऱ्याचा पैसा कोणी खाल्ला नाही याची हमी तिच्यातून मिळते. घेणाऱ्याचे भले झाले की नाही, हे मात्र तिच्या कक्षेत येत नाही.

तो दुसरा प्रश्न विचारण्याची तालीम महाराष्ट्रात त्याआधीच सुरू झाली होती. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी हाती घेतली आणि १९४८ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कालव्याला खर्च किती आला आणि पाणीपट्टी किती जमली, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाणी मिळालेल्या आणि न मिळालेल्या भागांतील शेती, मजुरी व व्यापार यांची त्यांनी तुलना केली. कालवा झाला नसता तर काय झाले असते, हा मूल्यमापनाचा गाभ्याचा प्रश्न मराठी मुलखात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने त्या वेळी विचारला होता.

मुंबईतही याच सुमारास एक धागा विणला जात होता. सर दोराबजी टाटा यांच्या संपत्तीतून १९३२ साली एक मोठा न्यास स्थापन झाला. नागपाड्यात सेवाकार्य करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी न्यासाला असा सल्ला दिला की, नुसत्या सद्भावनेने समाजसेवा होत नाही. त्यासाठी शिकलेली, पाहणी करू शकणारी माणसे लागतात. त्यातून १९३६ साली समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले. आज आपण ज्याला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो ती हीच. तिचे ग्रामीण केंद्र १९८६ पासून तुळजापूर येथे, म्हणजे मराठवाड्याच्याच भूमीवर आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या २ ऑक्टोबरला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि त्याच महिन्यात नियोजन मंडळाने तिच्या परीक्षणासाठी कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. योजना जन्मते त्याच वेळी तिचा परीक्षकही नेमला जावा, ही गोष्ट त्या काळी जगातही दुर्मीळ होती. संघटनेचे पहिले संचालक पुण्याचे अर्थतज्ज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे हे होते. पुढे आपल्या राज्याच्या रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन याच संघटनेने राज्य शासनाबरोबर केले आणि तो अहवाल १९८० साली बाहेर आला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली आणि मिलो व सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे मराठवाड्यात आजही भेटतात. त्या दुष्काळी कामांतूनच ही योजना आकाराला आली होती.

आता आपण लातूरकडे वळू. १९९३ च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन गावे उशिरा निजली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे भुईसपाट झाली. मृतांचा आकडा सुमारे ८ हजारांचा सांगितला जातो. काही नोंदींत तो त्याहूनही मोठा आहे. घरे दगडमातीची होती. दोन बाजूंना मोठे दगड आणि मधे चिपा व माती अशी दोन-तीन फूट जाडीची भिंत, वर मातीच्या थरांचे जड माळवद. जे माळवद उन्हाळ्यात गारवा देत असे, तेच झोपलेल्या माणसांवर कोसळले.

आम्ही त्या वेळी सेमिनरीत शिकत होतो आणि मदतकार्यासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांत होतो. रस्त्याच्या कडेला देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले आम्ही पाहिले. आमचे काम घोंगड्या वाटण्याचे आणि अंगठे घेण्याचे. अंगठा उमटला की आमचे कर्तव्य संपत असे. कोणाला घोंगडी तीनदा मिळाली आणि कोणाला एकदाही नाही, हे पाहण्याची उसंत कोणालाच नव्हती. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात ते क्षम्यही असेल. परंतु पुढील कित्येक वर्षे चाललेल्या पुनर्वसनालाही तोच न्याय लावता येत नाही.

राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे दोन ठळक भाग होते आणि आमच्या विषयाचा सारा धडा या दोन भागांच्या तुलनेत आहे.

पहिला भाग पूर्णपणे उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचा. ही गावे नव्या जागी हलवण्यात आली. अनेक धर्मादाय संस्था, वृत्तपत्रे, उद्योगसमूह यांनी गावे दत्तक घेतली आणि बहुतेक घरे ठेकेदारांकडून बांधून घेण्यात आली. घराचा आकार पूर्वीच्या जमीनधारणेवरून ठरला. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपाने सर्वांना एका रात्रीत उघड्यावर आणले होते. नव्या गावाने त्यांना पुन्हा जुन्या पायऱ्यांवर उभे केले. जुनी गावठाणे दाटीची होती. एकमेकांना लागून वाडे, भावकीची गल्ली, अंगणात गोठा. नवी गावे आखीव रेषेत, रुंद रस्त्यांची, जुन्या गावाच्या अनेक पट विस्ताराची झाली. घरे पक्की होती, संख्या पूर्ण होती, चाव्या वाटल्याची छायाचित्रेही होती.

पुढील काळात देशी-परदेशी अभ्यासक या गावांत पुन्हापुन्हा जाऊन आले. त्यांनी जे नोंदवले ते त्या चाव्यांच्या छायाचित्रांत दिसत नव्हते. जनावरे कोठे बांधावीत, कडबा आणि औजारे कोठे ठेवावीत, याचा विचार घरे आखताना झाला नव्हता. भाऊ एका टोकाला तर भाऊबंद दुसऱ्या टोकाला गेले. लांबच लांब गटारे आणि नळ सांभाळणे ग्रामपंचायतींना जड झाले. हळूहळू लोकांनी पक्क्या घराला लागून जुन्याच पद्धतीने दगडमातीच्या खोल्या जोडल्या. ज्या भिंतीने माणसे मारली, तीच भिंत पुन्हा उभी राहू लागली. कारण सरळ होते. घर सुरक्षित कशाने होते हे लोकांना कोणी नीट समजावले नव्हते आणि घर कसे हवे हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

दुसरा भाग ज्या गावांत पडझड झाली पण गाव उभे राहिले, अशा गावांचा. अडीच हजारांच्या आसपास गावे आणि जवळजवळ दोन लाख घरे यांत मोडत होती. येथे ठेकेदार नव्हता. घरमालकाने अनुदान हप्त्याहप्त्याने घ्यावे आणि अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली आपले घर आपणच मजबूत करून घ्यावे, अशी योजना होती. प्रारंभी ती रखडली. भिंतीत आरपार जाणारे दगड बसवणे, माळवदावरची माती कमी करणे, भिंतींना वरून पट्ट्याने बांधणे, या गोष्टी लोकांना अनोळखी होत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या मजबुतीपेक्षा त्याच पैशात एखादी नवी खोली मिळाली तर बरी, असे अनेकांना वाटे. कागद आणि माणूस यांच्यामध्ये कोणीतरी हवे होते.

येथे प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने शासनाला एक मार्ग सुचवला आणि शासनाने तो स्वीकारला, हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही श्रेयस्कर आहे. गावातीलच महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. बाराशेच्या आसपास गावांत या स्त्रिया घरोघर जाऊ लागल्या. अनुदानाची माहिती सांगणे, कोणाचे नाव यादीतून सुटले ते पाहणे, गवंडी आरपार दगड खरोखर घालतो की नुसते तोंड लिंपतो यावर नजर ठेवणे आणि गावची अडचण अधिकाऱ्यांपर्यंत नेणे, ही त्यांची कामे. यांतल्या पुष्कळ जणींनी तोपर्यंत ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते. लाभार्थी म्हणून ज्यांचा अंगठा घेतला गेला असता, त्याच आता परीक्षक झाल्या. जेरुसलेमच्या त्या सात जणांचा तपशील आम्ही ध्यानात ठेवावयास सांगितला होता, तो याचसाठी.

हा दुसरा भाग सर्वांशाने यशस्वी झाला असे आम्ही म्हणणार नाही. मजबुतीकरणाऐवजी नवी खोली बांधणारे अखेरपर्यंत होते. परंतु येथे काही चुकले तर ते काम चालू असतानाच कळण्याची सोय होती आणि शिकलेले गावाच्या पदरात राहिले. २००१ च्या २६ जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तेथील स्त्रियांना धीर देण्यास आणि अनुभव सांगण्यास गेल्या. गुजरातने बहुतांश घरे मालकांच्याच हातून बांधून घेण्याचे धोरण ठेवले, तेव्हा किल्लारीचा बरावाईट अनुभव सर्वांसमोर होता. प्रेमा गोपालन २०२२ साली निवर्तल्या.

ग्रामीण स्त्रीच्या हाती मोजमाप देण्याचा हा विचार एकाकी नव्हता. मराठवाड्याच्या वेशीवर जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून अल्पशिक्षित स्त्रियांना गावची आरोग्यसेविका म्हणून घडवले. गावात किती मुले जन्मली आणि किती दगावली, ही नोंद हेच त्यांच्या कामाचे माप होते. दवाखान्यात किती रुग्ण आले याला त्यांनी माप मानले नाही, कारण गाव निरोगी होऊ लागले तर दवाखान्यातील गर्दी कमी व्हावयास हवी. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी याच विचाराला अधिक काटेकोर रूप दिले. ३९ गावांत त्यांच्या प्रशिक्षित आरोग्यदूत नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेत आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवलेली होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार तुलनेच्या गावांपेक्षा त्या ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २००१ साली राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदीत न आलेले बालमृत्यू त्यांनी गावोगाव मोजले होते. ज्या मुलाचा जन्मही लिहिला गेला नाही आणि मृत्यूही नाही, त्याच्या आईला कोणी विचारले तरच ते मूल होते असे कळते. मोजणी ही कोरडी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा अहवाल वाचावा.

आज काळ पालटला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले आणि २०२१ पासून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन करून घेणेही नियमांत आले. हे स्वागतार्ह आहे. परंतु त्याबरोबर एक नवा धोकाही आला आहे. मूल्यमापन हा स्वतंत्र धंदा होऊ लागला. छापील प्रश्नावली, टक्केवारी, रंगीत आलेख. देणाऱ्याला जे उत्तर आवडेल तेच प्रश्नावलीतून निघावे, अशी तिची रचना नकळत होते. 'यंत्र मिळाले का?' असे आम्ही विचारले असते, तर शंभर टक्के 'होय' असेच उत्तर मिळाले असते. 'तुम्हांला काय हवे होते?' हा प्रश्न आमच्या पहिल्या प्रश्नावलीत नव्हताच.

तेव्हा आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली आणि सर्व घरे पुन्हा फिरलो. काही यंत्रे चालू होती, त्यांवर मुलांच्या शाळेचे शुल्क निघत होते, हेही सांगितले पाहिजे. काही विकली गेली होती आणि विकल्याचे सांगताना बायका रडल्या, कारण 'संस्थेची वस्तू विकली' हा अपराध त्यांच्या मनाला डाचत होता. कोणी आजारपणासाठी विकली होती, कोणी बियाण्यासाठी. वस्तू विकणे हा त्यांचा दोष नव्हता. नको असलेली वस्तू देणे हा आमचा होता.

अहवाल लिहिताना हात जड झाला. विश्वस्त सज्जन माणसे होती, देणगीदार दूरवरून विश्वासाने पैसे पाठवीत होते. खरे लिहिले तर देणगी आटेल, आणि आटली तर त्याच गरीब भगिनींचे नुकसान होईल, असे एका सहकाऱ्याने कळवळून सांगितले. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. तरीही आम्ही जसे पाहिले तसे लिहिले आणि पहिल्या परिच्छेदात आमच्या त्या सहीचा उल्लेख केला. विश्वस्तांच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. एका देणगीदाराने पुढील वर्षी हात आखडला. बाकीचे राहिले.

पुढील वर्षापासून वाटपाआधी घरोघर जाऊन विचारण्याचे ठरले आणि ते काम यंत्रे मिळालेल्या भगिनींतीलच तिघींवर सोपवले. त्यांपैकी एक ती पिठाचा डबा ठेवणारी. तिचे यंत्र आता शेजारच्या गावातील, शिवण शिकलेल्या एका मुलीकडे आहे. सगळे सुरळीत झाले असे नाही. ज्यांनी शेळ्या मागितल्या त्यांतल्या दोघींच्या शेळ्या पहिल्याच पावसाळ्यात दगावल्या. मात्र तसे झाल्याचे आम्हांला आठवड्याभरात कळले.

नोंदवहीत आता एक नवा रकाना आहे: 'काय मागितले?' तो भरण्यास वेळ लागतो आणि कित्येकदा कोराच राहतो. आम्ही भोकरहून गावांकडे निघतो, तेव्हा हल्ली ज्या घरापुढचा तो रकाना कोरा असेल, त्या घरी आधी जातो.